स्टॅटिक क्लास वापरणं खरंच वाईट आहे का?

तुम्ही विचारलंय की सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत सगळे हेल्पर (छोटी मदतीची फंक्शन्स) स्टॅटिक क्लासमध्ये, म्हणजे ज्याचा ऑब्जेक्ट न बनवता थेट नावाने वापर होतो अशा क्लासमध्ये, टाकले तर सिनियर लोक नाक का मुरडतात. माझं मत सांगतो, स्टॅटिक असण्यात काही वाईट नाही, तो क्लास काहीतरी लक्षात ठेवायला लागला किंवा बाहेरच्या जगाशी बोलायला लागला की कटकटी सुरू होतात.

मॅथ क्लासच घ्या. दोन आकडे दिले की मोठा कोणता ते सांगतो, आधी कोणी काय विचारलं होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, मग त्यासाठी न्यू करून ऑब्जेक्ट कशाला बनवायचा? असली फंक्शन्स बिनधास्त स्टॅटिक ठेवा. एक्स्टेन्शन मेथड (आधीच्या टाइपला बाहेरून जोडलेल्या मेथड) तर स्टॅटिक क्लासशिवाय लिहिताच येत नाहीत.

आता समजा कोणी त्यात करंट यूजरचं स्टॅटिक फील्ड टाकलं. वेब ॲपमध्ये एका प्रोसेसमधल्या सगळ्या रिक्वेस्टना ते फील्ड एकच, म्हणजे लॉगिन एकाने केलं आणि स्क्रीनवर नाव दुसऱ्याचंच असं होऊ शकतं, आणि वैताग म्हणजे आपल्या मशीनवर एकट्याने चालवून बघताना सगळं मस्त चालतं, चार लोक एकदम आले की मग बग दिसतो. लॉक लावून (एका वेळी एकालाच आत सोडून) पण हे सुटत नाही, कारण मुळात डेटाच चुकीच्या जागी ठेवलाय.

दुसरं म्हणजे टेस्टिंग. स्टॅटिक क्लासला इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याचा करार) इम्प्लिमेंट करता येत नाही, पॅरामीटर म्हणून पाठवता येत नाही, त्यामुळे ऑर्डरच्या कोडने थेट स्टॅटिक ईमेल हेल्पर बोलावला की टेस्टमध्ये त्या जागी खरा ईमेल न पाठवणारा खोटा हेल्पर बसवायला सोपी वाटच उरत नाही. आत्ताची वेळ देणाऱ्या डेटटाइम डॉट नाउचं पण तेच, महिनाअखेरचं लॉजिक टेस्ट करायला महिनाअखेरपर्यंत थांबणार का? शेवटी २०२३ मध्ये डॉटनेट ८ (सी शार्पचा प्लॅटफॉर्म) सोबत टाइमप्रोव्हायडर, म्हणजे टेस्टमध्ये बदलता येणारं घड्याळ, आला तो यासाठीच.

हां, जावाची उत्तरं वाचत असाल तर जरा जपून, तिकडे फक्त आतला क्लास स्टॅटिक होतो आणि त्याचा अर्थ एवढाच की त्याला बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स नसतो, ऑब्जेक्ट मात्र खुशाल बनवता येतो.

तुमचे आहेत ते सगळे हेल्पर मोडत बसू नका. डेटाबेस, फाइल, नेटवर्क, घड्याळ यांना हात लावणारे तेवढे इंटरफेसमागे न्या आणि डिपेंडन्सी इंजेक्शनमधून (लागणारा ऑब्जेक्ट क्लासने स्वतः न बनवता बाहेरून मिळतो) द्या. फक्त सिंगलटन (पूर्ण ॲपला एकच ऑब्जेक्ट) म्हणून रजिस्टर केलेत तर त्यातही यूजरचा डेटा ठेवू नका, नाहीतर तोच बग परत येईल.