कोकणातल्या नमन-जाखडी या लोककलांचा गिरणी कामगार चळवळीशी काही संबंध होता का?

होता, पण सरळ नव्हे. कामगार चळवळीसाठी शाहिरी करणारं लाल बावटा कलापथक (१९४४) अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं. त्यांचा बाज घाटावरच्या तमाशाचा. अण्णाभाऊंनी त्यातली गवळण (कृष्ण-गौळणींचा भाग) वगळली आणि गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, देवाऐवजी कष्टकऱ्यांना वंदन आणलं.

ऐकणाऱ्यांत मात्र रत्नागिरी-सिंधुदुर्गातले चाकरमानी खूप. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची खोली असायची, तिथेच भजनी मंडळं आणि शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे जाखडीतल्या सवाल-जवाबाचे, फड जमायचे. मृदुंगावर एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जागच्या जागी जवाब बांधायचा. शाहिरी सभेत लोक तासन्‌तास का बसायचे, ते इथे कळतं. त्यांचा कान आधीच तयार होता. माझ्या मते नमनातलं वगनाट्यही यात धरावं. राजा-प्रधानाच्या आडून गावच्या खोताला (सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराला) चिमटा काढायची सोय त्यात आयतीच असते.

तसं पाहिलं तर खोतीविरुद्धचा मोठा लढा कोकणातच झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळ चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला. चळवळीचं नाव निघालं की सगळे १९८२ च्या गिरणी संपावरच येतात, चरी राहूनच जातं.