उशाशी ठेवलेल्या चपला

चि. पोरी,

मागच्या आठवड्यात तू मुक्कामाला होतीस. रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, तशी तू पिशवी भरून पडवीत जाऊन बसलीस. सकाळी म्हणालीस, "झोपच आली नाही, बाई." मी काही बोलले नाही. पण तुझ्या चपला उशाशी होत्या, दाराकडे तोंड करून. मीही तशाच ठेवायचे, पंचवीस-सव्वीस वर्षं.

30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी 11 वर्षांची. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले; पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर आली. पुढे नवं गाव वसलं, घर मिळालं, तरी माझे वडील कितीतरी वर्षं अंगणातच झोपले. लोक म्हणायचे, "धसका घेतलाय." शब्द नेमका होता. त्यावर इलाज असतो, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तरी कुठे शहाणी? वर्ग चालू असताना बाहेरून ट्रक गेला, खिडकी थरथरली आणि भानावर आले तेव्हा मी पटांगणात होते. पोरं आतच. त्याची एवढी लाज वाटली की डॉक्टरकडे जायला आणखी दोन वर्षं लावली.

तुझ्या तळिये गावावर दरड कोसळली, ते वेगळं. पण त्या दिवसाची तारीख, 22 जुलै, जवळ आली की तुझी होणारी चिडचिड, हसता हसता मध्येच हरवून जाणं, "आजीला आधी का नाही ओढलं" हे स्वतःला विचारत राहणं, हे मी पाहते. दरड कोसळून गेली, तुझं अंग अजून पहाऱ्यावर आहे. याला नाव काय द्यायचं ते तज्ज्ञ ठरवतील. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, हा शब्द कानावर आला तर घाबरू नकोस.

माझ्या थेरपिस्टने पहिल्या तीन भेटींत भूकंपाचं नावही काढलं नाही. पाय जमिनीला टेकव, खोलीत काय दिसतंय ते सांग, एवढंच. मग ती पहाट पुन्हा पुन्हा सांगायला लावली, अंथरुणात शिरले तिथपासून बाहेर ओढलं तिथपर्यंत. मधल्या दोन आठवड्यांत स्वप्नं उलट वाढली. तिने आधीच बजावलं होतं म्हणून टिकले, नाहीतर सोडूनच देणार होते. हळूहळू ट्रक नुसता ट्रक उरला. अशा उपचाराला बऱ्याचदा 8 ते 12 बैठकी लागतात, कुणाला जास्तही. आणि पहिल्याच दिवशी सगळं ओक म्हणून कुणी मागे लागलं, तर सरळ दुसरीकडे जा.

गोळ्या मनोविकारतज्ज्ञ देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत. लागल्या तर घ्यायच्या. जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. रात्री फारच झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फिरव, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आईला काय सांगायचं ते नंतर बघू. पहिल्या वेळी मी येते सोबत. आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. वार तेवढा कळव, मला रजा टाकावी लागेल.

तुझ्या बाई