सांगलीत घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कारची चासी बनवतोय. वेल्डिंगनंतर फ्रेम पिळली. काय चुकलं?

बहुतेक एक बाजू पूर्ण वेल्ड करून मग दुसरी घेतली असेल. 25×25, 1.6 मिमीची चौकोनी ट्यूब उष्णतेने लगेच ओढली जाते. आधी सपाट टेबलावर क्लॅम्प लावून सगळी फ्रेम नुसती टॅक करा, म्हणजे ठिपक्याएवढ्या छोट्या वेल्डने जोडा. दोन्ही कर्ण मोजा, फरक 2 मिमीच्या आत हवा. मग वेल्डचा इंचभर टाका इकडे, पुढचा विरुद्ध कोपऱ्यात. घाई नको. विशबोनचे (चाक फ्रेमला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे) ब्रॅकेट शेवटी, तेही जिगवरच, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या साच्यावर. ते कुपवाड एमआयडीसीत 3 मिमी पत्र्यातून लेसरने कापून घ्या. टाय रॉडची (स्टीअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांडीची) उंची चुकली तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं, म्हणून स्प्रिंग काढून चाक वरखाली करून टो (चाक आत-बाहेर किती वळलंय) तपासा. आणि आरटीओत आधीच विचारा, घरगुती गाडीची नोंदणी सहजासहजी होत नाही.