कळलावी बियांपासून वाढवताना

कळलावी ही फुलवेल बियांपासून वाढवण्याचा विचार चांगला आहे. मात्र या वेलीचे कंद, बिया, किंबहुना प्रत्येक भाग कोल्चिसिन या द्रव्यामुळे विषारी असल्याने लहान मुले किंवा गुरे यांच्या वाटेत ती लावू नये. पावसाळा सरल्यावर फळ उकलून आतील तांबड्या बिया दिसू लागल्या की त्या काढून सावलीत वाळवाव्यात. ताज्या बिया सुप्तावस्थेत असतात, म्हणून त्या लगेच न पेरता कोरड्या जागी जपून, मेअखेरीस रात्रभर भिजवून, वाळूमिश्रित भुसभुशीत मातीत साधारण एक सेंटिमीटर खोल पेराव्यात. उगवण संथ आणि मागेपुढे होते. महिनाभर काही दिसले नाही म्हणून कुंडी रिकामी करणे हा निव्वळ उतावळेपणा होय. पहिल्या वर्षी रोप खुरटेच राहते, कारण त्याची बहुतेक शक्ती कंद भरण्यात जाते, आणि पावसानंतर ते वाळले तरी कंद जिवंत असतो. त्या काळात पाणी तोडावे, अन्यथा तो कुजतो. फुलांसाठी काही वर्षे थांबावे लागते. पानांच्या टोकांचे तणावे बारीक काटक्यांनाच विळखा घालू शकतात, त्यामुळे आधाराला जाड बांबूपेक्षा शेजारचे एखादे झुडूप अधिक उपयोगी पडते.