शेंगतेल कसं काढतात आणि लाकडी घाण्याचं इतकं महाग का?

तुम्ही विचारलंय की शेंगदाण्याचं तेल काढायच्या पद्धती कोणत्या आणि घाण्याच्या तेलाला जास्त पैसे मोजावेत का. कोल्हापुरात आमचा छोटा लाकडी घाणा आहे, त्यामुळं रोजच्या हाताखालचं सांगतो.

दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. घाण्यात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, उखळीत सावकाश फिरते, दाण्याचा आधी भरडा होतो, मग लगदा. लगदा चकाकायला लागला की पाण्याचा हलका शिपका मारायचा. हा शिपका कळायलाच मला दोन वर्षं लागली. कमी पडला तर तेल सुटत नाही, जास्त झाला तर तेल गढूळ येतं आणि लवकर खवट होतं. बरोबर पडला की पेंड उखळीच्या कडेला धरते आणि मधे तेल साठायला लागतं. १० किलो दाण्याला ४ किलोच्या आसपास तेल मिळतं, म्हणजे एक किलो तेलाला अडीच किलो दाणे. दाण्याच्या दराला अडीचनं गुणा, पेंडेचे थोडे पैसे वजा करा. त्याहून स्वस्त 'घाण्याचं तेल' कुणी देत असेल तर मी तरी घेणार नाही.

एक्स्पेलरमध्ये दाणे वाफेवर गरम करून लोखंडी स्क्रूनं दाबतात. तापमान १०० अंशांच्या वर जातं, पेंडेत ६ ते ८ टक्के तेल उरतं. दुकानातलं 'फिल्टर' शेंगतेल बहुतेक असंच काढलेलं. ते वाईट नाही, खमंग वास तर त्यालाच जास्त. पेंडेत उरलेलं तेल कारखान्यात हेक्झेन या रासायनिक द्रावकानं ओढून घेतात, मग मागं एक टक्काही राहत नाही. ते तेल मात्र रिफाइंड केल्याशिवाय खायचं नसतं.

पण माझ्या मते घाण्याच्या लाकडापेक्षा दाणा महत्त्वाचा. पहिल्याच पावसाळ्यात मी एक ओलसर पोतं न निवडता घाण्यात घातलं. नेहमीच्या एक मावशी बाटली घेऊन परत आल्या, "बाळा, तेल कडू लागतंय बघ." बोटावर घेऊन चाटलं, खरंच कडू. सगळी घाणी टाकून दिली, पैसे परत केले. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं तयार केलेलं विष, असू शकतं आणि ते तळण्यानं जात नाही. रिफायनरीत तेल शुद्ध करताना ते बरंचसं निघतं, घाण्यात तशी सोय नाही. शिवाय त्याचा मोठा भाग पेंडेत राहतो. ती पेंड म्हशीला घातली की त्यातला थोडा अंश दुधात उतरतो, आणि आमच्याकडं तर घरोघरी म्हशीचंच दूध.

तेव्हापासून काळा, सुरकुतलेला, मोड आलेला दाणा आम्ही हातानं बाजूला काढतो. तुम्हीही घाण्यावर गेलात तर आधी पोत्यातले दाणे बघायला मागा. मूठभर घ्या, दोन-चार चावून बघा. दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तिथनं घेऊ नका.

तेल आणल्यावर दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं निवळ तेल कोरड्या बाटलीत भरून अंधारात ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा. वडे-भजी तळायला रिफाइंड चालेल, खर्ड्यावर आणि भाकरीबरोबर कच्चं घ्यायला मात्र घाण्याचंच.