वाचक विचारतात: आळशी डोळ्यावर नवीन मशीन आलंय, मग पट्टी कशाला?

मागच्या अंकात आळशी डोळ्याबद्दल थोडं लिहिलं आणि रावेरपासून शिरपूरपर्यंत इतके मेसेज आले की बाकीचे विषय बाजूला ठेवले. तीन प्रश्न घेतेय, कारण बहुतेकांचं म्हणणं या तिघांत येऊन जातं.

प्रश्न: ताई, आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती आहे. मुलगी सहा वर्षांची, शाळेत तपासणीची टीम आली तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याने तिला फारच कमी दिसतं, आम्हाला तर कधी जाणवलंच नाही. डॉक्टरांनी चष्मा दिला, दीड महिन्याने परत बघून चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली. ती रडते, काढून फेकते. माझे दीर पुण्याला असतात, ते म्हणतात अमेरिकेत व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा स्क्रीनवाला चष्मा निघालाय, कार्टून बघून डोळा बरा होतो, थोडं थांबा. थांबू का?

उत्तर: नका थांबू ताई. पट्टी आजच सुरू करा, हेडसेटचं मग बोलू.

तुम्हाला जाणवलं नाही यात तुमची काहीच चूक नाही, दुसरा डोळा सगळं निभावून नेतो ना, पोर धावतं, खेळतं, अक्षरं वाचतं, कळणार कसं? शंभरात दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. एका डोळ्याचा नंबर जास्त असला किंवा डोळा तिरळा असला की मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतात, एक स्वच्छ आणि एक पुसट, मग मेंदू पुसट चित्राकडे लक्ष देणंच सोडतो आणि पुढे चष्मा लावला तरी त्या डोळ्याला पूर्ण दिसत नाही. म्हणजे आळस डोळ्याचा नाही, मेंदूने त्याच्याकडे पाठ फिरवलेली असते.

आता दीर म्हणतात ते खोटं नाहीये. ल्युमिनोपिया नावाचं हेडसेट आहे, त्याला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली. त्यात चांगल्या डोळ्याला चित्र फिकट दाखवतात आणि दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतले वेगवेगळे तुकडे झाकतात, म्हणजे कार्टून नीट समजायचं तर मेंदूला दोन्ही डोळे वापरावेच लागतात. 105 मुलांवर ट्रायल झाली, रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, 12 आठवडे. हेडसेटवाली मुलं डोळे तपासायच्या चार्टवर सरासरी 1.8 ओळी पुढे गेली आणि नुसता चष्मा लावलेली 0.8 ओळ. फरक आहे, चांगला आहे, पण बघा, तुलना नुसत्या चष्म्याशी केली होती, पट्टीशी नाही. पट्टीशी तुलना केली ती क्युअरसाइट नावाच्या इस्रायली मशीनची, त्यात लाल-निळा चष्मा लावून स्क्रीन बघायची आणि डोळा कुठे बघतोय ते मशीन टिपत राहतं. त्यात निकाल काय आला, तर दोन तासांच्या पट्टीपेक्षा कमी नाही. कमी नाही म्हणजे बरोबरीचं, जादू नाही.

आणि त्याआधी 2016 मध्ये आयपॅडवरच्या गेमची मोठी ट्रायल झाली होती, 385 मुलं, एका बाजूला रोज एक तास गेम, दुसऱ्या बाजूला रोज दोन तास पट्टी. सगळ्यांना वाटलं पोरं गेम सोडणारच नाहीत. पण सांगितलेल्या वेळेच्या पाऊण हिश्शापेक्षा जास्त गेम खेळणारी मुलं निघाली फक्त 22 टक्के, आणि नजरेत गेम पट्टीच्या पुढे गेला नाही. तोच तो गेम रोज खेळायला मुलांनाही कंटाळा येतो, हे आपल्या घरातही आपण बघतोच की.

मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय की पट्टी म्हणजे जुनाट, अंदाजे केलेला उपाय अजिबात नाही. तुम्हाला दोन तास सांगितलेत ना, ते दोन तास सुद्धा संशोधनातून आलेत. आधी डॉक्टर सहा-सहा तास, काही तर दिवसभर पट्टी लावायला सांगायचे, मग 2003 मध्ये अमेरिकेतल्या बालनेत्र संशोधकांच्या गटाने, पेडिग म्हणतात त्याला, ट्रायल करून दाखवलं की मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्याला दोन तास आणि सहा तास सारखंच काम करतात. किती लेकरांचे रोजचे चार तास वाचले विचार करा. आधी दीड महिना नुसता चष्मा का दिला, त्यालाही कारण आहे. 2006 मध्ये याच गटाने दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असलेल्या 84 मुलांना फक्त चष्मा देऊन बघितला, तर 77 टक्के मुलं दोन ओळी किंवा जास्त सुधारली आणि 27 टक्क्यांचा आळशी डोळा चष्म्यानेच पूर्ण गेला. म्हणून चष्मा दिवसभर, झोपेपर्यंत. तो काढून ठेवला तर पट्टीचा पुरता फायदा मिळत नाही.

रडण्यावर उपाय: पट्टी चष्म्याच्या काचेवर नाही, डोळ्यावर चिकटवायची आणि वरून चष्मा, नाहीतर पोर फटीतून चांगल्या डोळ्याने बघतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो, घामाने पट्टी सुटते आणि कातडीला रॅश येतो, तेव्हा दुपार टाळा, सकाळी शाळेआधी किंवा दिवेलागणीला लावा. त्याच वेळात चित्र रंगवणं, मणी ओवणं, तांदूळ निवडणं असं बारीक नजरेचं काम द्या, मोबाईलवर कार्टूनही चालेल त्या वेळेपुरतं. आजीला सोबत बसवा. बाहुलीलाही एक पट्टी लावा, खरंच फरक पडतो.

इतकं करूनही जमलं नाही तर डॉक्टरांना ॲट्रोपिन ड्रॉप्सबद्दल विचारा. चांगल्या डोळ्यात टाकतात, म्हणजे त्याला जवळचं पुसट दिसतं आणि कमजोर डोळा कामाला लागतो. 2002 मध्ये 419 मुलांवर बघितलं तर सहा महिन्यांनी पट्टी आणि ड्रॉप्सचा निकाल जवळजवळ सारखा होता. पण ड्रॉप्सने डोळ्यातली बाहुली मोठी राहते आणि केळीच्या बागेबाहेरचं ऊन त्या डोळ्याला सहन होत नाही, टोपी-गॉगल लागेल. आणि हे औषध डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मेडिकलवरून आणायचं नाही, बाटली मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही.

प्रश्न: मी अमळनेरची, नातू आठ वर्षांचा. मोठ्या दवाखान्यात म्हणाले नवीन उपचारावर अभ्यास चालू आहे, नातवाला त्यात घ्यायचं का, सही करा. सून तयार आहे, मला भीती वाटते. पोरावर प्रयोग करतील का? आणि दुसऱ्या एका ठिकाणी "रिसर्च थेरपी" म्हणून चाळीस हजारांचं पॅकेज सांगितलं, ते वेगळं काय?

उत्तर: आजी, तुमची भीती बरोबर आहे, विचारलंत ते फार चांगलं केलंत. दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. खऱ्या ट्रायलची आपल्या देशात सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये नोंद असते, ते 2007 मध्ये सुरू झालं आणि 2009 पासून नोंद सक्तीची केली. तो नोंदणी नंबर मागा, सुनेला मोबाईलवर तो टाकून बघायला सांगा. एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का विचारा. माहितीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, मिळायलाच पाहिजे, घरी नेऊन सावकाश वाचा, आणि सही आई-बापाची असली तरी नातू सात वर्षांच्या वर आहे म्हणून त्यालाही त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार घ्यावा लागतो. मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करत नाहीत.

एक प्रश्न मात्र नक्की विचारा: नवीन उपचार ज्यांना मिळणार नाही त्या मुलांना काय देणार? कोणत्या गटात कोण हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, नातू कुठल्याही गटात जाऊ शकतो. उत्तर "चष्मा आणि पट्टी" असेल तर काळजी नाही, त्याचं काही बुडत नाही.

आणि ज्याची अजून तपासणी चालू आहे त्याचे चाळीस हजार? ट्रायलमध्ये ज्या उपचाराची परीक्षा चाललीय त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. रिसर्च म्हणायचं आणि पॅकेजही लावायचं, तिथून उठून या आजी. नातवाच्या आठव्या वर्षाचे सहा महिने गेले तर ते परत मिळत नाहीत, पैशांपेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते.

प्रश्न: मी शिरपूरचा, वय 24, फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये ग्राइंडरवर काम करतो. डावा डोळा लहानपणापासून कमजोर. नवव्या वर्षी दाखवलं तेव्हा म्हणाले उशीर झाला, काहीच केलं नाही. आता काही होईल का? बहिणीची मुलगीही तीन वर्षांची आहे.

उत्तर: भाऊ, नवव्या वर्षी तुला उशीर झालाच नव्हता, हे लिहिताना मला वाईट वाटतंय. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवलं होतं की लहानपणी एक डोळा झाकला तर मेंदू तो डोळा सोडून देतो, त्या कामाला 1981 चं नोबेल मिळालं, आणि त्यातून "ठराविक वयानंतर दार बंद" हा समज डॉक्टरांमध्येही पक्का बसला. पण 2005 मध्ये 7 ते 17 वयाच्या 507 मुलांवर ट्रायल झाली, त्यात 7 ते 12 वयात चष्म्यासोबत पट्टी-ड्रॉप्सच्या उपचाराने 53 टक्के मुलं दोन ओळी किंवा जास्त सुधारली, नुसत्या चष्म्याने 25 टक्के. 13 ते 17 मधल्या ज्यांना आधी काहीच उपचार मिळाला नव्हता त्यांच्यातही 47 टक्के विरुद्ध 20 टक्के. म्हणून ज्यांच्या घरात नऊ-दहा किंवा चौदा वर्षांचं मूल आहे आणि "आता काय उपयोग" म्हणून बसलेत, त्यांनी या महिन्यातच दाखवावं.

तुझ्या वयात खरं सांगायचं तर पक्का उपचार आज नाहीये. मोठ्या माणसांवर दोन्ही डोळ्यांच्या गेमचे प्रयोग झालेत, काहींना थोडा फायदा दिसला, पण न्यूझीलंडहून चालवलेल्या एका ट्रायलमध्ये लहान-मोठ्या 115 जणांत खरा गेम आणि नकली, म्हणजे उपचार नसलेला, गेम यात फरकच पडला नाही. लेव्होडोपाच्या गोळ्याही मुलांना पट्टीसोबत देऊन बघितल्या, 2015 ला निकाल आला, विशेष उपयोग नाही. कोणी गोळ्या, व्यायाम, थेरपी खात्रीने विकत असेल तर घेऊ नको. नंबर एकदा नीट काढून घे, बरोबर चष्म्याने थोडं वाढलं तर तेवढं पदरात.

पण ग्राइंडरवर काम करतोस हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुझा उजवा डोळा हा एकच भरवशाचा डोळा आहे. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या काचेचा, बाजूनेही झाकलेला गॉगल प्रत्येक वेळी लाव, दोन मिनिटांचं काम असलं तरी, आणि शेजारचा माणूस ग्राइंडर चालवत असला तरी. मालक देत नसेल तर स्वतः घे. आणि बहिणीची मुलगी तीन वर्षांची आहे असं लिहिलंयस, हा त्रास घरात पुढे येऊ शकतो, तेव्हा तिला शाळेची वाट न बघता आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.