दीड वर्षाच्या बाळासाठी पाळणाघर निवडताना नेमकं काय बघावं?

भिंतीवरची कार्टून आणि एबीसीडीचे तक्ते सोडा. दुपारी साडेबाराला, मुलांच्या जेवणाच्या वेळी, न कळवता जा. ताई भरवताना 'गरम आहे हं, फुंकर मार' असं बोलते, की टीव्ही लावून घास कोंबते? भाषा तिथेच शिकली जाते; या वयात पाटी-पेन्सिल म्हणजे निव्वळ पालकांना दाखवण्यासाठी. एका ताईकडे एवढी लहान चार-पाचपेक्षा जास्त मुलं असली की ओला लंगोट तसाच राहतो, पुरळ येतं. लंगोट बदलायची जागा ताटांपासून लांब, साबण हाताशी हवा. ताया सारख्या बदलतात का, तेही विचारा.

आईच्या ऑफिसात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्यानुसार पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. दिवसातून चार वेळा बाळाला भेटताही येतं.